मुसाकाजीला उतरायचं

वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात गावाचे नाव आणि त्यापुढे ‘जि. रत्नागिरी’ एवढाच मजकूर आहे. तालुका लिहिलेला नाही. वडील गेल्यावर कपाटातली कागदपत्रे लावताना हा दाखला हाती आला, आणि आपण या गावी एकदाही गेलेलो नाही, एवढेच नव्हे तर ते नेमके कुठे आहे हेही आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला पहिल्यांदा टोचली. आमचे आडनाव त्या गावाच्या नावाला ‘कर’ लागून झालेले आहे, त्यामुळे मी ते नाव रोज कुठे ना कुठे लिहीत होते. पण आजोबा गिरणीत होते, गाव कोकणात आहे आणि ‘आपलं तिकडे आता काही नाही’, या तीन वाक्यांपलीकडे घरात गावाचा विषय कधी गेला नव्हता. तिसरे वाक्य वडील अशा आवाजात उच्चारत की पुढचा प्रश्न घशातच राहत असे.

गावाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. ते का, हे पुढे कळेल.

जायचे ठरल्यावर सर्वांत आधी आत्याशी बोलायला हवे होते. आत्या वडिलांची थोरली बहीण, वय शहाऐंशी, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली. मी फोन केलाही होता, परंतु ‘कशाला आता ते उकरतेस?’ एवढे बोलून तिने माझ्या गुडघेदुखीची चौकशी सुरू केली. मी तो नकार समजले आणि कागदांकडे वळले. घरातली वयस्कर माणसे पहिल्या विचारण्याला उत्तर देत नाहीत, तिसऱ्या-चौथ्याला देतात, हे मला कळायला हवे होते. पण कागद उलट बोलत नाहीत, म्हणून तो मार्ग सोपा वाटला.

पहिली अडचण जिल्ह्याचीच निघाली. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा झाला. त्याआधीच्या कोणत्याही कागदावर ‘जि. रत्नागिरी’ असे असेल, तर ते गाव आज या दोहोंपैकी कोणत्याही जिल्ह्यात असू शकते. त्यात एकाच नावाची गावे कोकणात ठायी ठायी आहेत. शिरगावच घेतले तर एक रत्नागिरी शहराला लागून आहे, दुसरे चिपळूण तालुक्यात आणि तिसरे देवगड तालुक्यात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांमध्ये तालुकावार गावांच्या याद्या असतात; त्या दोन्ही जिल्ह्यांच्या उघडून बसल्यावर आमच्या नावाची दोन गावे सापडली, एक राजापूर तालुक्यात आणि एक मालवण तालुक्यात. यातले मालवणकडचे गाव आपले असावे असे मी ठरवून टाकले. त्याला आधार काय, असे कोणी विचारले असते तर सांगण्यासारखे काहीच नव्हते. तिथला समुद्र छायाचित्रांत सुंदर दिसत होता आणि जवळच्याच एका घरगुती निवासात दोन खोल्या मिळत होत्या, एवढेच खरे कारण होते. आगाऊ पैसे भरून मी मोकळी झाले, आणि मोठ्या उत्साहाने आत्याला सांगितले.

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग आत्या म्हणाली, “मालवणला कशाला? आम्ही मुसाकाजीला उतरायचो.”

या एका वाक्याने माझे तीन आठवड्यांचे काम निकालात काढले. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्याआधी, आणि घाटरस्त्यांनी एसटी नियमित जाऊ-येऊ लागण्याच्याही आधी, मुंबईहून दक्षिण कोकणात जाणारा माणूस आगबोटीने जात असे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत वेंगुर्ल्यापर्यंत उतरत जाई, आणि ज्याला जे बंदर जवळचे तिथे तो उतरे. मुसाकाजी हे राजापूर तालुक्यातले, आंबोळगडाजवळचे बंदर. मालवण तालुक्यातला माणूस तिथे उतरून खाड्या ओलांडत पायपीट करण्याची शक्यताच नव्हती. म्हणजे आमचे गाव राजापूरचे. तालुका, महाल, मौजे असले शब्द वापरून मी आत्याला जे विचारत होते ते तिच्या आठवणीत नव्हतेच. आठवणीत होते ते बंदर. पुढे ज्या ज्या परिचितांनी मला या कामाबद्दल विचारले, त्यांना मी हेच सांगितले की, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाव कुठे आहे असे विचारू नका, गावाला कसे जात होता ते विचारा.

मालवणचे आगाऊ पैसे बुडाले. नियमाप्रमाणेच बुडाले, तक्रारीला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे जाऊन बसले आणि या वेळी एकही प्रश्न लिहून नेला नाही. ती बोलत गेली. बोट रात्रीची पोहोचत असे. किनाऱ्याला लागता येत नसल्यामुळे ती लांबच उभी राही आणि खालून पडाव, म्हणजे छोट्या होड्या, येत; वरून माणसे, गाठोडी, ट्रंका आणि मुले त्यात उतरवली जात. आत्या सात-आठ वर्षांची असताना एका खलाशाने तिला बखोटीला धरून खाली सोडले तेव्हा कंदिलाच्या उजेडात तिला पडाव दिसला नव्हता, फक्त काळे पाणी दिसले होते, आणि ती इतक्या मोठ्याने ओरडली की पुढे कित्येक वर्षे आजोबा तिला ‘भोंगा’ म्हणत. पहाटे सगळे सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, चढत. सड्यावर झाड नाही, सावली नाही, नुसता जांभ्याचा कातळ. मे महिन्यात दहा वाजेपर्यंत तो असा तापे की आजोबांनी तिच्या पायांना पाने बांधून दिली होती, आणि ती फाटली की नवी बांधण्यासाठी थांबावे लागे. दुपार कलताना घाटी लागे. घाटी उतरली की पऱ्या, म्हणजे ओढा, त्याच्या पलीकडे देऊळ, आणि “देवळापासून वर तिसरं घर आपलं. पुढ्यात विहीर. विहिरीला रहाट नव्हता, लाट होती.” लाट म्हणजे पाणी वर ओढण्याचा लांब दांडा.

मी हे सगळे ध्वनिमुद्रित केले, कारण अशा वेळी लिहीत बसले की बोलणारा माणूस आपल्या लिहिण्याच्या वेगाने बोलू लागतो.

आता हातात तालुका होता, बंदर होते आणि पायवाटेचे वर्णन होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांत समान उंची दाखवणाऱ्या समोच्चरेषा, ओढे, विहिरी आणि देवळे दाखवलेली असतात, आणि कोकणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाड्यांची नावेही असतात. कोकणातले गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. डोंगराच्या उतारांवर, पऱ्यांच्या काठांनी, एकमेकींपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर विखुरलेल्या वाड्या मिळून गाव होते, आणि चुकीच्या वाडीत जाऊन चौकशी केली तर ‘त्या नावाचं इथं कोण नाय’ हे उत्तर अगदी खरेपणाने मिळते. आत्याला वाडीचे नाव ‘वरची वाडी’ असे आठवत होते. वरची वाडी नाही असे गाव कोकणात शोधूनही सापडायचे नाही. नकाशाचा छापील कागद जेवणाच्या टेबलावर पसरून मी मुसाकाजीपासून दोरा लावला, सडा ओलांडला, समोच्चरेषा दाट होतात तिथे घाटी असणार असे धरले, आणि त्याखाली पऱ्याची निळी रेघ शोधली. पऱ्याच्या पलीकडे देवळाची खूण असलेली वाडी एकच होती. तिच्यावर पेन्सिलीने गोल केला, तेव्हा माझा मुलगा खांद्यावरून वाकून पाहत होता. तो म्हणाला, “एवढ्यासाठी थुंकीतला डीएनए तपासणारे लोक आहेत, आई. तुला दोरा पुरला.”

आत्याचा विरोध मावळला होता, याचा पुरावा आठवड्याने मिळाला. तिने पत्र्याच्या ट्रंकेतून कापडात गुंडाळलेले अकरा कागद काढून दिले. सगळे मोडीत. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, पण आमच्या पिढीला ती परक्या लिपीसारखीच. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवते. असा वर्ग पूर्ण केलेले एक निवृत्त शिक्षक ओळखीतून भेटले आणि त्यांनी तीन बैठकांत कागद वाचून दिले. मला, खोटे कशाला बोलू, एखादी सनद निघेल अशी आशा होती. निघाल्या त्या सात पावत्या. खोताला, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराला, घातलेल्या भाताच्या, मण आणि पायलीच्या हिशेबात. एक कागद लग्नाच्या आहेराची यादी होता, त्यात लुगडी, खण आणि एका ठिकाणी ‘रोख रु. १।’ अशी नोंद. उरलेले तीन कर्जाचे. म्हणजे आमचे घराणे खोताचे कूळ होते, जमिनीचे मालक नव्हते. पण याच पावत्यांनी पणजोबांच्या वडिलांचे नाव दिले, जे घरात कोणालाही माहीत नव्हते, आणि ‘तालुके राजापूर’ हे शब्दही दिले. दोऱ्याने काढलेले उत्तर कागदाने कायम केले.

इतर मार्ग मी पाहिले, पण त्यांतून काही आले नाही. छापील कुलवृत्तांत ज्या घराण्यांनी काढले त्यांत आमच्यासारखी कुळांची घरे नसतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी सापडतात हे खरे, परंतु त्यासाठी पूर्वजांपैकी कोणीतरी गोदावरीवर गेलेले असावे लागते. आमच्यातल्या कोणाला भाडे परवडले असेल असे त्या पावत्या वाचून वाटले नाही. १८८० चा रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटियर मी दोन रात्री वाचला. त्यात आमचे गाव नव्हते, पण वाचल्याचा पश्चात्तापही झाला नाही.

यानंतर मी जी चूक केली ती मालवणच्या चुकीपेक्षा पुष्कळ मोठी होती. जिल्हा, तालुका आणि गाव निवडून नावाने सातबारा शोधण्याची सोय भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर आहे. गाव नक्की होताच मी तो काढला. इतर अधिकारांत आणि खातेदारांत मिळून तेवीस नावे होती, त्यांतली काही माणसे जाऊन पन्नास वर्षे झाली असणार, कारण वारसनोंदी न करता नावे तशीच ठेवण्याची कोकणात जुनी सवय आहे. आजोबांचे नाव त्यांत नव्हते. त्यांच्या धाकट्या भावाचे होते. मी आनंदाने एका कार्यालयात फोन लावून या नावाचे वारस आता कोण आहेत, घर कोणते, संपर्क कसा होईल, असे विचारले. माझ्या दृष्टीने मी चुलत्यांचा पत्ता विचारत होते. दोन दिवसांत त्या वाडीत बातमी पोहोचली होती की, मुंबईहून कोणी बाई सातबाऱ्याची चौकशी करते आहे. मिळालेल्या क्रमांकावर मी फोन केला तेव्हा एका तरुण आवाजाने माझे नाव, आडनाव, आजोबांचे नाव असे सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि म्हणाला, “घरात कोणी मोठं नाही आता.” त्यानंतर तो क्रमांक उचलला गेला नाही.

मला याचा अर्थ लागला तो लालबागच्या एका खोलीत. गिरणगावात कोकणातल्या गावांची, कधी कधी एकेका वाडीची, ग्रामस्थ मंडळे असत आणि अजूनही काही आहेत. गावाहून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा, आजारपणाला मदत, देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे, शिमग्याला गावी जाण्याची जमवाजमव, ही सगळी कामे ही मंडळे करत आली. आमच्या गावाचे मंडळ आहे हे मला कळायला चार महिने लागले आणि ते माझ्या माहेरच्या घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावर निघाले. महिन्याच्या एका रविवारी मी तिथे गेले. लोखंडी कपाटातून एका ऐंशी ओलांडलेल्या काकांनी जुन्या वर्गणीच्या वह्या काढल्या. लाल कापडी पाठीच्या, उभ्या घडीच्या. प्रत्येक पानावर वाडी, खाली नावे, नावापुढे दर महिन्याचे आणे आणि नंतर नवे पैसे. आजोबांचे नाव वहीच्या एका पानावर वरून सहावे होते. १९५८ सालाच्या फेब्रुवारीपर्यंत नियमित नोंदी. मार्चपासून रकाने कोरे. पुढच्या वर्षाच्या वहीत नाव लिहिलेले आहे, रकाने कोरेच. त्याच्या पुढच्या वर्षी नावच नाही.

मी काकांकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, “बाय, तुम्ही आधी सातबारा काढलात ना?”

मग त्यांनी जे समजावले ते मला कोणत्याही पुस्तकाने इतक्या थोडक्यात समजावले नसते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा दिवस धरून जी कुळे जमीन प्रत्यक्ष कसत होती ती तिची मालक झाली. कलम ३२ ग खाली किंमत ठरली, ती भरली की ३२ म चे प्रमाणपत्र मिळाले. कसत कोण होते? गावी राहिलेला भाऊ. गिरणीत गेलेल्या भावाने बी-बियाण्याला, बैलाला, भाताच्या थकबाकीला वर्षानुवर्षे पैसे पाठवले असतील, पण नांगर धरणारा हात त्याचा नव्हता, आणि कागदावर नांगराचे नाव लागले. एकट्या आमच्या गावात अशी सात-आठ घरे दुभंगली, असे काका म्हणाले. कोणी कोणाला फसवले असेच म्हणता येणार नाही; पण ज्याचे नाव लागले नाही त्याला फसवले गेल्यासारखे वाटले, आणि ज्याचे लागले त्याच्या घरात तेव्हापासून एक धास्ती वस्तीला आली की, मुंबईकडची पोरे एक दिवस हिस्सा मागायला येणार. सडा-वरकसासारख्या हलक्या जमिनीला भाव नव्हता तोवर ती धास्ती झोपलेली होती. आता कोकणात जमिनीला भाव आला आहे. “तुम्ही मूळ शोधता म्हणता,” काका म्हणाले, “पण त्यांना ऐकू येतं ते वाटणी.”

गावाचे नाव मी येथे दिलेले नाही ते याच कारणाने.

काकांच्या सांगण्यावरून मी फोनचा नाद सोडला आणि पत्र लिहिले, हाताने, फुलस्केप कागदावर. आजोबांच्या धाकट्या भावाच्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या चुलत चुलत्यांच्या, अप्पांच्या नावे. पत्रात काय लिहावे याचा काकांनी एकच दंडक घातला होता: कशासाठी येणार हे एका वाक्यात लिहा, आणि काय मागणार नाही हे दोन वाक्यांत. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात वडिलांचा दाखला, मुसाकाजी, आत्याचे पाय पोळल्याची हकीकत असे सगळे होते. काकांनी तो वाचून परत केला आणि म्हणाले की, एवढे मोठे पत्र वकिलाचे असते. शेवटी एका पानावर आले. आत्याला तिचे जन्मघर पाहायचे आहे, ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवायचा आहे. जमिनीत, घरात वा कोणत्याही कागदात आम्हाला काही नको, आणि तसे लिहून हवे असल्यास आम्ही तेही देऊ. मोबाईल क्रमांक तळाशी. काकांनी स्वतःच्या अक्षरात खाली दोन ओळी जोडल्या, त्या मला वाचू दिल्या नाहीत.

सोळाव्या दिवशी फोन आला. तोच तरुण आवाज. “अप्पांनी विचारलंय, किती माणसं येणार आणि जेवण तिखट चालतं का?”

इथून पुढचे नियोजन, जे लोक सामान्यतः पहिल्या दिवशी सुरू करतात, ते आम्ही पाचव्या महिन्यात सुरू केले, आणि ते चार दिवसांत संपले. हंगामाचा प्रश्न होता. शिमग्याला पालखी घरोघर येते तेव्हा सगळा गाव आणि अर्धी मुंबई वाडीत असते. वंशावळ विचारायला त्याहून चांगला मुहूर्त नाही असे मला वाटत होते. परंतु अप्पांकडून निरोप आला की, शिमग्याला माणसे देवाची असतात, आणि मला ते पटले. त्या दिवसांत मानकऱ्यांपासून पोरांपर्यंत कोणाला बसून बोलायला उसंत नसते. गणपतीत तोच प्रकार, शिवाय पाऊस आणि आगगाड्यांचे पावसाळी वेळापत्रक. मे महिन्यात आत्याला उन्हाळा सोसला नसता. म्हणून जानेवारीचा शेवट ठरला, थंडी असते, भात झोडून झालेले असते आणि आंब्याला मोहोर असतो.

गाडी तुतारी एक्सप्रेस. ही दादरहून मध्यरात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, त्यामुळे शुक्रवारी रात्री जेवून निघायचे असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचे काढावे लागते. हे मी लिहिते आहे कारण माझ्या हातून ती चूक होता होता राहिली, आणि दरवर्षी फलाटावर उभे राहून कालच्या तारखेच्या तिकिटाकडे पाहणारी कुटुंबे असतात असे हमालाने सांगितले. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. आत्यासाठी खालचा बर्थ मिळाला. राजापूर रोड स्थानक राजापूर शहरापासून लांब आहे आणि वाडीपर्यंत एसटी दिवसातून दोनदाच जाते, त्यांतली एक वस्तीची, म्हणजे संध्याकाळी जाऊन सकाळी परतणारी. सकाळी उतरणाऱ्या शहाऐंशी वर्षांच्या बाईला घेऊन तिच्यासाठी थांबणे शक्य नव्हते. रिक्षा अप्पांच्या मुलाने ठरवली. आता थेट वाडीत रस्ता जातो, घाटी उतरावी लागत नाही, हे ऐकून आत्या हिरमुसली.

मी प्रश्नांची यादी केली होती. चाळीस प्रश्न. त्यातला जमिनीशी दुरून संबंध येणारा प्रत्येक प्रश्न काढला, मग तारखा विचारणारे काढले कारण तारखा माणसांना आठवत नाहीत, आणि ‘का’ने सुरू होणारे सगळे काढले. सहा उरले. त्यांतला पहिला विहिरीबद्दल होता. कागद बरोबर घेतले ते फक्त आहेराच्या यादीची प्रत आणि वडिलांचा दाखला. खोताच्या पावत्या, नकाशा आणि सातबारा घरी ठेवले. नकाशा न घेणे जिवावर आले, पण गावात नकाशा उघडून उभा राहिलेला माणूस मोजणीला आल्यासारखा दिसतो.

देवळापासून वर तिसरे घर आता नाही. जांभ्याचे जोते आहे, त्यावर अप्पांनी काजू लावला आहे, आणि घर शेजारी नवे बांधले आहे. विहीर आहे. लाटेच्या जागी मोटार बसवली आहे. आत्याला रिक्षातून उतरवून आधी देवळात नेले. गुरवाने गाऱ्हाणे घातले, त्यात आजोबांचे नाव घेतले आणि भोवतीच्या दहा-बारा जणांनी ‘होय म्हाराजा’ म्हटले. ते नाव गुरवाला कोणी सांगितले असेल, हे मी विचारले नाही. जेवताना कोणीच फारसे बोलले नाही. माझे सहा प्रश्न पदराच्या गाठीत राहिले.

दुपारी अप्पा आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात रबरात बांधलेली मनीऑर्डरची कुपने होती, गिरणगावातल्या टपाल कचेरीची, पाठवणाऱ्याच्या जागी आजोबांचे नाव. कुपनावर निरोपासाठी असते त्या इंचभर जागेत कोणाच्या तरी सुबक अक्षरात एकेक ओळ: ‘बैलाच्या औषधास’, ‘कौलांस’, ‘पोरीच्या पुस्तकांस उरल्यास’. आजोबांना लिहिता येत नव्हते, म्हणजे ते अक्षर टपालापाशी बसणाऱ्या लेखनिकाचे. मी शिक्के लावून पाहू लागले. शेवटच्या कुपनावरचे साल १९६३ आहे. वर्गणीचे रकाने १९५८ च्या मार्चपासून कोरे आहेत.

आत्याने एकेक कुपन उजेडात धरून पाहिले आणि परत रबर लावले. “इथे पैसे पाठवायचा?” ती अप्पांना म्हणाली. “घरात तर कधी बोलला नाही.”

“इथंही नाही बोलले,” अप्पा म्हणाले, आणि डबा तिच्या पुढ्यातच ठेवून चहा सांगायला उठले.